रमजानच्या किटमध्ये काय असावे, हे कोणी ठरवायचे?

शाबान अर्धा सरला की आमच्याकडे जमातीची बैठक होते. यादी निघते. तांदूळ, तूरडाळ, चणाडाळ, बेसन, साखर, तेल, चहापूड, शेवया, खजूर, सरबताची बाटली. गेल्या वर्षी कोणाकोणाला किट दिली, यंदा कोणाचे नाव वाढवायचे, कोणाचे कमी करायचे, यावर बोलणे होते. बायकांच्या बाजूने घरोघरची माहिती द्यायला मी आणि आणखी दोघी असतो.

यंदा एका नावावर बैठक अडली. नवरा गेलेली बाई, दोन मुले. गेल्या रमजानमध्ये तिने किटमधले तेल, डाळ आणि तांदूळ वाण्याला परत विकले, अशी तक्रार आली. तक्रार खरी होती, हे मला आधीच माहीत होते. वाण्याने अर्थातच कमी भाव दिला. मिळालेल्या पैशांतून तिने गॅसची टाकी भरली आणि उरले त्यात धाकट्याचे औषध आणले. एक बुजुर्ग म्हणाले, "आपण जकातीचे पैसे जमवायचे, सामान भरायचे, आणि हिने ते बाजारात न्यायचे. नाव काढा."

मी लगेच काही बोलले नाही. खरे सांगायचे तर, काही वर्षांपूर्वी मीच असे बोलले असते. वर्गात शिकवणाऱ्या माणसाला दुसऱ्याचे भले आपल्यालाच कळते असे वाटायची खोड असते.

पण हिशेब करून पाहा. तिचे रेशनकार्ड प्राधान्य कुटुंबाचे आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिन्याला पाच किलो धान्य, म्हणजे तिघांचे पंधरा किलो. जानेवारी 2023 पासून ते फुकट मिळते. तांदूळ घरात आहेच. त्यावर आम्ही आणखी तांदूळ दिला. जे नव्हते ते म्हणजे तो शिजवायला गॅस. कच्ची डाळ आणि तांदूळ घेऊन सहेरीला काय करायचे?

देणाऱ्याने वस्तू ठरवायची की घेणाऱ्याने, हा वाद आपल्या जमातीपुरता नाही. अमेरिकेत गरिबांना अन्नासाठी सरकारी कार्ड मिळते. त्यावर दारू-तंबाखू मिळत नाही, साबण मिळत नाही, आणि दुकानात शिजवलेले गरम जेवणही मिळत नाही. आता नेब्रास्का, आयोवा यांसारख्या काही राज्यांनी 2026 पासून त्यावर शीतपेये घ्यायलाही बंदी केली आहे. साखरेने आजार वाढतात हे कारण खोटे नाही. तरी आमच्या किटमधली सरबताची बाटली आठवून मला हसू आले. तिथे सरकार गोड पाणी काढून घेते आहे, इथे आम्ही न विचारता हातात देतो.

आपल्या राज्याचेही पाहा. 2022 च्या दिवाळीला 'आनंदाचा शिधा' सुरू झाला. शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. जिनसा फराळाच्या हिशेबाने निवडलेल्या. 2023 मध्ये तो गुढीपाडव्याच्या निमित्ताने जाहीर झाला. पाडवा 22 मार्चला होता आणि पहिला रोजा 24 मार्चला. माझ्या विद्यार्थ्यांच्या घरी तीच साखर शिरखुर्म्यात गेली आणि त्याच डाळीची भजी इफ्तारीला झाली. शिधा पाडव्याचा, ईद आमची. कोणाचे काही बिघडले नाही. घरात आलेली वस्तू घरच्या चुलीचे ऐकते.

मग सरळ पैसेच द्यावेत का? तेही सरकारने करून पाहिले आहे. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना 2023 पासून धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये खात्यात देण्याचे ठरले. पुढे ती रक्कम 170 झाली. पाच किलोला दीडशे, म्हणजे किलोला तीस. बाजारात भाव चढला की तेवढ्याच रुपयांत पिशवी हलकी होते. धान्य हाती असले तर पाच किलो पाच किलोच राहतात. शिवाय बँकेत जायला एक दिवसाची मजुरी बुडते. आणि बायका मला बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगतात. "आपा, धान्य आले तर ते चुलीवर जाते. पैसे आले तर आधी ह्यांच्या खिशात जातात." हे प्रत्येक घराचे नाही, पण ज्या घराचे आहे तिथे किट हाच बाईचा आधार आहे.

जागेचाही फरक पडतो. 2014 आणि 2015 साली रमजान ऐन पावसाळ्यात आला होता. राधानगरीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. दाजीपूरच्या बाजूच्या वाड्यांवर त्या दिवसांत नोट घेऊन माणूस काय करणार? बाजार लांब, रस्ता पाण्याखाली. तिथे दारात आलेले पीठ-तेल लाख मोलाचे. शाहू महाराजांनी 1896-97 च्या दुष्काळात स्वस्त धान्याची दुकाने उघडली, तीही याचसाठी. धान्यच मिळत नसेल तर पैसा शिजवता येत नाही.

शाळेतली गोष्ट थोडी वेगळी. नोव्हेंबर 2023 मध्ये सरकारने पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले. न खाणाऱ्यांना केळे. मुले त्या दिवसाची वाट पाहायची. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा निधी बंद झाला, आणि हवे असेल तर लोकवर्गणीतून द्या असे सांगण्यात आले. अंडे नको म्हणणारे मोठे होते, खाणारी मुले होती. मुलाच्या ताटात काय असावे हे मोठ्यांनी ठरवणे मला मान्य आहे, पण त्याच्या अंगाला काय लागते ते पाहून. आपल्याला काय चालते ते पाहून नव्हे. दोन मुले सांभाळणारी बाई मात्र माझी विद्यार्थिनी नाही.

बैठकीत शेवटी बोलायची वेळ आली तेव्हा मी मौलानासाहेबांना एकच विचारले: जकात दिल्यावर ती वस्तू कोणाची? ते म्हणाले, घेणाऱ्याची. हनफी फिकहमध्ये यालाच तमलीक म्हणतात, मालक करून देणे. मालक केले की तो खाईल, वाटेल किंवा विकेल. हजरत बरीरा (रजि.) यांना सदक्यात आलेले गोश्त रसूलुल्लाह (स.) यांच्या घरी आले, तेव्हा आपण फरमावले की ते तिच्यासाठी सदका होते आणि आपल्यासाठी तिच्याकडून भेट आहे. म्हणजे हातात पडताच ते बरीरांचे झाले होते. हजरत मुआज (रजि.) यांनीही यमनच्या लोकांकडून जव आणि ज्वारी-बाजरीसारख्या धान्याऐवजी कपडे घेतले, देणाऱ्यांना ते सोपे होते आणि मदीनेत त्यांची जास्त गरज होती. फित्र्याचेही तसेच आहे. शाफई मसलकात, म्हणजे आपल्या कोकणी भावांकडे, धान्यच देतात. हनफींकडे त्याची किंमत दिलेली चालते.

बुजुर्गांनी यावर मला चांगले अडवले. म्हणाले, "मग त्या अन्सारी सहाबींचे काय? मागायला आले तर हुजूरांनी (स.) त्यांची घोंगडी आणि प्याला दोन दिरहमला विकला. एकाचे घरच्यांसाठी अन्न आणि एकाची कुऱ्हाड घ्यायला सांगितले. खर्च ठरवून दिलाच ना?" दलील बिनतोड होती. मी एवढेच म्हणाले की आपण आधी त्यांना घरात काय आहे ते विचारले होते. आणि कुऱ्हाडीला दांडा स्वतःच्या हाताने बसवून दिला होता. आम्ही तर त्या बाईला वर्षभरात काहीच विचारले नाही, फक्त पिशवी दारात ठेवली.

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग खजिनदारांनी कागद ओढला. यंदा किट निम्मी करायची, तांदूळ काढायचा, आणि उरलेली रक्कम पाकिटात द्यायची, असे ठरले. वाड्यांवर मात्र पूर्ण किट. पाकीट बाईच्या हातात बायकांनीच द्यायचे. आणि वाटपाच्या आठ दिवस आधी आम्ही तिघींनी घरोघर जाऊन काय हवे ते विचारून यायचे. सगळ्यांना हे पटले असे नाही. दोघांनी पुढच्या वर्षी पाहू म्हटले.

विचारायला मी पहिल्यांदा त्याच बाईकडे गेले. तिने चहा केला. काय हवे म्हटल्यावर बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "शेवया आणि खजूर ठेवा आपा. मुले ईदला विचारतात. तेल मी इथून घेईन, तुमचे पाम असते."