पोरं दुकानात आली की भुवया का चढतात? संशयाचा खरा हिशेब



दुकानात चाळिशीचा माणूस आला की आपण म्हणतो, "या साहेब, काय दाखवू?" चौदा-पंधरा वर्षांची तीन पोरं आली की म्हणतो, "काय पाहिजे रे? हात नका लावू. पैसे आणलेत का?" दुकान तेच, माल तोच, फक्त गिऱ्हाइकाचं वय बदललं.

ज्यांना स्टेशनरी, मोबाईल ॲक्सेसरीज, कटलरी किंवा स्नॅक्सचं दुकान टाकायचंय, त्यांनी आजचा विषय नीट समजून घ्या. आपल्या मालेगावात तर जास्तच. कॅम्पात, मोसम पुलाजवळ शाळा-क्लास सुटले की पोरांची झुंबड. शुक्रवारी यंत्रमाग बंद, म्हणून बाजारात गर्दी. शिवाय आसपासच्या खेड्यांतून एसटीने कॉलेजला येणारी मुलं. हे सगळं गिऱ्हाईकच आहे ना?

आधी आकडे बघू

उदाहरण घेऊ. दहा रुपयांचा पेन तुम्हाला आठ रुपयांना पडतो. चोरीला गेला तर नुकसान आठ रुपये. आता एक मुलगा आठवड्याला पन्नास रुपयांची खरेदी करतो असं धरा. शाळेचे चाळीस आठवडे म्हणजे वर्षाला 2,000 रुपये. वीस टक्के मार्जिन धरलं तर नफा 400 रुपये.

म्हणजे एका मुलाला चारचौघांत "खिसा दाखव" म्हणून कायमचं घालवलं, तर ते वर्षाला पन्नास पेन चोरीला जाण्याइतकं महाग पडतं. आठवी ते बारावी, अशी पाच वर्षं धरा. वर तो एकटा जात नाही. त्याचे मित्र जातात आणि जूनमध्ये वह्या-दप्तराची मोठी खरेदी करणारे त्याचे वडीलही दुसरं दुकान गाठतात.

संशयामुळे चोरी थांबते का?

माल कमी भरतो त्याला चार वाटा असतात. गिऱ्हाइकाची चोरी, दुकानातल्याच माणसाची चोरी, सप्लायरकडून कमी आलेला माल आणि बिलातल्या चुका. तुमची नजर सगळा वेळ पोरांवरच खिळलेली असेल, तर बाकीच्या तीन वाटा उघड्याच राहतात.

शिवाय आपला संशय सगळ्या पोरांवर सारखा नसतो. कपडे, बोलीभाषा, मोहल्ला बघून तो वाढतो. अहिराणीत बोलणारा खेड्यातला मुलगा असो की उर्दू माध्यमातली मुलगी, आपल्याकडे कसं बघतात हे त्यांना लगेच कळतं. त्या वयात अपमान मनाला फार लागतो आणि तो वर्षानुवर्षं लक्षात राहतो.

हे फक्त आपल्याकडेच नाही. ब्रिटनमध्ये काही दुकानांच्या दारावर "एका वेळी दोनच विद्यार्थी" अशा पाट्या असतात. तिथे 2005 मध्ये 'मॉस्किटो' नावाचं यंत्र आलं. बहुतेक फक्त तरुण कानांनाच ऐकू येणारा कर्कश आवाज काढून ते दुकानाबाहेरच्या पोरांना पळवून लावायचं. चोर असो की सज्जन, त्रास सगळ्यांना सारखाच! 2010 मध्ये युरोप परिषदेच्या संसदीय सभेने अशा यंत्रांवर बंदी घालण्याची शिफारस केली.

मग माल सांभाळायचा कसा?

1. आल्या आल्या बोला. "ये, काय दाखवू?" एवढंच. ज्याच्याकडे दुकानदाराचं लक्ष आहे, तो सहसा हात मारत नाही. आणि चांगल्या गिऱ्हाइकाला मान मिळाल्यासारखं वाटतं.
2. लहान पण महाग वस्तू, जसं इअरफोन, मेमरी कार्ड, काउंटरच्या मागे ठेवा.
3. बॅग बाहेर ठेवायची असेल तर सगळ्यांनी ठेवायची. टोकन द्या. फक्त दप्तर बाहेर आणि मोठ्यांची पिशवी आत, असं नको.
4. शाळा सुटायच्या वेळी काउंटरवर दोन माणसं ठेवा. गर्दीत बिल पटकन झालं की गोंधळ निम्मा होतो.
5. दर आठवड्याला महागाच्या दहा वस्तू मोजा. तूट कुठे आहे हे अंदाजाने नाही, मोजून कळतं.

खरंच कोणी उचललं तर?

बाजूला घेऊन शांतपणे विचारा, "हे बिलात धरू का?" बहुतेक वेळा वस्तू परत येते. पण झडती घेऊ नका, हात उचलू नका, गोडाऊनमध्ये बसवून ठेवू नका. चुकीच्या संशयावरून कोणाला अडवणं किंवा डांबून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 आणि 127 खाली गुन्हा आहे, म्हणजे उलट तुम्हीच अडकाल. प्रकरण गंभीर असेल तर पालकांना किंवा पोलीस ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याला कळवा.

आणि सीसीटीव्हीची क्लिप व्हॉट्सॲप ग्रुपवर अजिबात टाकायची नाही! प्रकरण चौकशीत गेलं, तर बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 नुसार मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा, दहा रुपयांच्या वस्तूसाठी एका पोराचं नाव गावभर करायचं का?

जिथे ठाम राहायचं तिथे राहा

18 वर्षांखालच्या कोणालाही तंबाखू-सिगारेट विकायची नाही. 2003 च्या कायद्याने त्यावर बंदी आहे. वयाची शंका आली तर ओळखपत्र मागा. उधारीही नको. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाशी केलेला करार टिकत नाही, त्यामुळे वसुलीला आधार उरत नाही. पण हे दोन्ही नकार हसून देता येतात. "उधार नाही रे, उद्या पैसे घेऊन ये, ठेवतो तुझ्यासाठी." पोरगं उद्या नक्की येतं.

रिझर्व्ह बँक दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं चालवू देते. बँक त्याला खातेदार मानते, मग आपण निदान गिऱ्हाईक तरी मानू!

या आठवड्यात एवढंच करा. काउंटरवरच्या मुलाला एक वाक्य शिकवा: "काय दाखवू?" वय कितीही असो, वाक्य तेच. आणि महिनाअखेरीला त्या दहा वस्तूंची मोजदाद समोर घेऊन बसा.

चला, भेटू पुढच्या व्हिडिओत!