शेगावहून मुंबईला जाणारी गाडी बेटावर कुठे चढते?

शेगाव, मलकापूरहून मुंबईला निघालेली गाडी पारसिकचा बोगदा आणि कळवा मागे टाकून खाडीचा पूल ओलांडते. पलीकडचे ठाणे हे बेटावरचे शहर आहे, हे डब्यात फार थोड्यांना माहीत असते.

या बेटाचे नाव साष्टी. ते सहासष्ट गावांवरून पडले, असे मानतात. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची, पश्चिमेला समुद्र आणि मधोमध कान्हेरी लेण्यांचा डोंगर. अंधेरी, बोरिवली, मुलुंड याच बेटावर. पाठ्यपुस्तकातली मुंबईची 'सात बेटे' वेगळी, माहीमच्या खाडीच्या दक्षिणेची.

१७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी पोर्तुगीजांकडून घेतली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने बेट त्यांच्याकडेच राहिले. १८४५ मध्ये माहीम-वांद्रे रस्ता झाला, भरावही वाढत गेले.

पवई-विहारकडून येणारी मिठी नदी मात्र आजही माहीमच्याच खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तिचे आक्रसलेले पात्र अपुरे पडले. बुलढाण्यात अख्ख्या पावसाळ्यातही सहसा एवढा पाऊस होत नाही.