स्क्रीन रीडरसाठी स्क्रिप्ट : खर्च केव्हा करावा, केव्हा टाळावा?

भिवंडी-मालेगावच्या कापडाच्या पेढ्या असोत की मुंबईच्या मोहम्मद अली रोडवरील दुकाने, वहीखात्याची जागा आता बहुतेक ठिकाणी संगणकाने घेतली आहे. बिल, साठा, उधारी, जीएसटी, सारे पडद्यावर. अशा वेळी वीस वर्षे पेढी सांभाळलेल्या मुनीमजींची दृष्टी मधुमेहाने गेली, किंवा वाणिज्य शाखेचा एखादा अंध पदवीधर नोकरी मागायला आला, तर मालकापुढे प्रश्न पडतो की हा माणूस काम करील कसा? बहुधा दोन दिवसांच्या प्रयोगानंतर ‘जमत नाही’ असा निकाल दिला जातो. आमचे म्हणणे असे की, दोष पुष्कळदा माणसाचा नसून सॉफ्टवेअरचा असतो. तो दूर होण्याजोगा आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय कोणाची रोजी बंद करू नये.

पडदा बोलतो कसा?

अंध व्यक्ती ‘स्क्रीन रीडर’ नावाचा प्रोग्राम वापरतात. तो पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवतो आणि माऊसऐवजी सारे काम कीबोर्डवर चालते. यांतील ‘जॉज’ हा प्रोग्राम अमेरिकेतील टेड हेंटर यांच्या कंपनीचा. हेंटर यांची स्वतःची दृष्टी १९७८ साली मोटार अपघातात गेली होती. विंडोजवर चालणारा जॉज १९९५ साली आला. तो विकत घ्यावा लागतो. दुसरा ‘एनव्हीडीए’. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने तो २००६ साली लिहायला घेतला. तो विनामूल्य मिळतो आणि मराठी मजकूरही वाचतो.

स्क्रीन रीडर माणसासारखे पडद्याचे चित्र पाहत नाही. प्रत्येक बटण आणि रकाना आपले नाव व काम विंडोजला कळवतो, तेच तो वाचतो. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने नावच दिले नसेल, तर कानावर नुसते ‘बटण, बटण’ एवढेच पडते. साठवण्याचे कोणते आणि पुसून टाकण्याचे कोणते, हे कसे कळावे?

ही उणीव भरून काढण्यासाठी स्क्रीन रीडरला त्या विशिष्ट सॉफ्टवेअरपुरत्या खास सूचना लिहून देता येतात. जॉजमध्ये त्यांना ‘स्क्रिप्ट’ म्हणतात, एनव्हीडीएमध्ये ‘अ‍ॅड-ऑन’. निनावी बटणाला नाव देणे, एका कळीवर बिलाची एकूण रक्कम ऐकवणे, साठा संपल्याची सूचना आली की आपोआप बोलणे, अशी कामे त्या करतात. परंतु हे जाणकाराचे काम आहे आणि त्याला पैसे पडतात.

आधी तीन गोष्टी करून पाहा

पहिली : माऊस बाजूला ठेवून एक पूर्ण बिल फक्त कीबोर्डवर करून पाहा. टॅब, एंटर आणि सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या कळांवर काम होत असेल, तर अर्धी अडचण सुटली. अनेकदा शिकवण्याची कमतरता असते, स्क्रिप्टची नव्हे.

दुसरी : स्क्रीन रीडरमधील तयार सोयी वापरा. जॉजमध्ये निनावी बटणाला वा रकान्याला स्वतःचे नाव देण्याची सोय आहे. चित्ररूप मजकूर ओळखून वाचण्याची सोय दोन्हींत आहे. यासाठी प्रोग्रामर लागत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : सॉफ्टवेअर विकणाऱ्याला लेखी कळवा. बटणांना नावे देणे हे त्याच्यासाठी सहसा लहान काम असते. मुळातच दुरुस्ती झाली तर ती पुढच्या आवृत्तीतही टिकते आणि इतर पेढ्यांतील अंध कर्मचाऱ्यांनाही उपयोगी पडते. वार्षिक देखभालीचे पैसे आपण भरतोच, मग मागणी करण्यात संकोच कशाला? ३० एप्रिल २०२५ रोजी केवायसीसंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. पत्रात त्याचा उल्लेख अवश्य करावा.

स्क्रिप्ट केव्हा?

हे सारे करूनही काम अडत असेल, तर चार प्रश्न विचारावेत. अडणारे काम रोजचे आहे काय? सॉफ्टवेअर निदान दोन-तीन वर्षे बदलणार नाही ना? विकणाऱ्याकडून दुरुस्तीची आशा नाही ना? आणि हवी ती माहिती स्क्रीन रीडरला मुळात मिळू शकते काय? चारही उत्तरे अनुकूल असतील, तर खर्च करावा.

हिशेब सोपा आहे. समजा, दिवसाला ६० बिले होतात आणि प्रत्येक बिलात रकाने शोधण्यात दीड मिनिट वाया जाते. म्हणजे रोज ९० मिनिटे गेली. महिन्याच्या २५ दिवसांत साडेसदतीस तास होतात. स्क्रिप्टची किंमत या तासांच्या पगाराशी ताडून पाहावी. मात्र एखाद्या पायरीवर काम पूर्णच थांबत असेल, तर मिनिटे मोजण्यात अर्थ नाही. तेथे त्या माणसाची नोकरीच पणाला लागलेली असते.

महिन्यातून एकदाच लागणाऱ्या अहवालासाठी स्क्रिप्ट लिहवून घेऊ नये, त्यासाठी सहकाऱ्याची मदत पुरे. इंटरनेटवर चालणाऱ्या सेवेचे पान वारंवार बदलते आणि स्क्रिप्ट निकामी होते. तेथे सेवा देणाऱ्याकडेच तगादा लावावा. दूरच्या संगणकावर काम होत असेल, तर आपल्याकडे येते ते बहुधा केवळ त्या पडद्याचे चित्र. मग स्क्रीन रीडर त्या दूरच्या संगणकावर बसवता येईल का, हे आधी विचारावे.

करार करताना

स्क्रिप्टची मूळ फाइल पेढीच्या ताब्यात घ्यावी. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आल्यावर दुरुस्ती कोण व किती पैशांत करील, हे आधीच लिहून घ्यावे. एनव्हीडीएच्या वर्षातील पहिल्या आवृत्तीनंतर जुने अ‍ॅड-ऑन पुष्कळदा पुन्हा जुळवून घ्यावे लागतात, हा खर्चही धरावा. चाचणी खऱ्या हिशेबावर न करता नकली नोंदींवर करावी. आणि काम झाले की नाही हे मालकाने किंवा प्रोग्रामरने ठरवू नये. जो रोज ते वापरणार आहे त्याने आठवडाभर वापरून सांगावे, तेव्हाच शेवटचा हप्ता द्यावा.

हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना अजान देण्याचे काम दिले आणि आपण मदीनेबाहेर जाताना शहराची जबाबदारीही सोपवली. आपल्या व्यापारी बांधवांनी या आठवड्यात एवढेच करावे : माऊस बाजूला ठेवावा, एक बिल करून पाहावे, आणि कोठे अडले ते कागदावर लिहून सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडे पाठवावे.