खुर्च्या हलल्या आणि सभा बदलली

डिसेंबर १९०१. कलकत्त्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. दक्षिण आफ्रिकेहून आलेला एक तरुण बॅरिस्टर तिथल्या हिंदी लोकांच्या हालअपेष्टांचा ठराव मांडायला उभा राहिला. त्याला पाच मिनिटे मिळाली होती. ती संपायच्या आतच अध्यक्ष दिनशा वाच्छांनी घंटा वाजवली. ती घंटा ‘आता आटोपते घ्या’ असे सुचवणारी होती, पण नवख्या वक्त्याला वाटले आपली वेळच संपली. तो मनातून दुखावला आणि खाली बसला. ठराव मात्र एकमताने मंजूर झाला. मांडवातले सगळे हात वर गेले, प्रतिनिधींचे आणि नुसते बघायला आलेल्यांचेही. ठराव गोपाळ कृष्ण गोखल्यांनी आधी पाहिला होता, तेवढे सगळ्यांना पुरेसे होते. बाकी कुणीच तो वाचला नव्हता.

मोहनदास गांधींनी हा प्रसंग पुढे आत्मकथेत लिहिला. सभेला माणसे आली, टाळ्या झाल्या, ठरावही झाले, पण ऐकले किती जणांनी? आजही अधिवेशन भरवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न छळतो. गांधींनी त्याचे उत्तर शोधायला पुढची पस्तीस वर्षे घेतली आणि त्या शोधाचा शेवटचा टप्पा वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात बसून पार पडला, हे लक्षात आले की मी थक्क होतो. आपण त्यांचे सत्याग्रह मोजतो, उपोषणे मोजतो. सभा कशी भरवावी याचा त्यांनी किती बारीक विचार केला होता, त्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

काँग्रेसची पहिली बैठक खरे तर पुण्यात व्हायची होती. तिथे कॉलऱ्याची साथ आली, म्हणून ती मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरली. साल १८८५, प्रतिनिधी ७२. त्यांत बहुतेक वकील, संपादक, शिक्षक. अधिवेशन डिसेंबरअखेरीस भरे, कारण नाताळात कोर्टांना सुट्टी असे. भाषणे इंग्रजीत होत, बैठक खुर्च्यांवर. तारीख, भाषा आणि बैठक, तिन्ही गोष्टी वकिलांच्या सोयीच्या. शेतकऱ्याला कुणी मुद्दाम बाहेर ठेवले नव्हते, पण त्या मांडवात त्याच्यासाठी जागाच आखलेली नव्हती.

पहिला मोठा बदल वर्ध्यापासून जवळच, नागपूरला झाला. १९२० च्या त्या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष वर्ध्याचे जमनालाल बजाज होते. आले चौदा हजारांहून जास्त प्रतिनिधी. एवढी गर्दी पाहून कुणीही खूश झाले असते. गांधींनी मंजूर करून घेतलेल्या नव्या घटनेने मात्र प्रतिनिधींची संख्या कमी केली: पन्नास हजार लोकवस्तीमागे एक. सभासदत्वाची वर्गणी ठेवली चार आणे आणि प्रांत आखले भाषेनुसार. हा हिशेब मला फार मोलाचा वाटतो. मांडवात माणसे कमी, पण प्रत्येकामागे त्याला निवडून देणारा मुलूख उभा. घरी परतल्यावर ‘तिथे काय ठरले?’ असे त्याला विचारणारे कुणीतरी असणार होते, म्हणून त्याला ऐकणे भागच होते.

पुढच्या वर्षी अहमदाबादला खुर्च्या गेल्या. वल्लभभाई पटेल स्वागताध्यक्ष होते. सगळ्यांची बैठक जमिनीवर, खादीवर. क्षणभर डोळ्यांसमोर आणा. खुर्ची म्हणजे ठरलेली जागा. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या कुणाच्या, हे येणाऱ्याला न सांगता कळते. मागे कुणी बसायचे तेही कळते. जमिनीवर माणूस सरकतो, शेजाऱ्याला जागा करून देतो, मागे वळून बोलतो. तेवढ्याच मांडवात जास्त लोक मावतात आणि भाड्याचा खर्चही वाचतो. रोज ओसरीवर किंवा शेताच्या बांधावर बसणारा माणूस इथे अवघडत नाही. अवघडतो तो पाटलोणवाला. कुणाला अवघडायला लावायचे, हे एका फर्निचरच्या निर्णयाने उलटे झाले.

तारखेचेही तसेच. डिसेंबरातली लाहोरची थंडी गरिबाला झेपत नाही, गरम कपड्यांचा वेगळा खर्च अंगावर पडतो, म्हणून अधिवेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये भरवावे, असे १९२९ मध्ये लाहोरलाच ठरले. १९३४ मध्ये प्रतिनिधींची संख्या जास्तीत जास्त दोन हजारांवर आणली आणि त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश जागा ग्रामीण भागासाठी ठेवल्या. त्याच वर्षी गांधी काँग्रेसमधून बाहेर पडले. यापुढे ते चार आण्याचे सभासदही नव्हते.

३० एप्रिल १९३६ रोजी ते वर्ध्याच्या मगनवाडीतून निघाले आणि पायी सेगावला राहायला आले. यालाच पुढे १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव मिळाले. अधिवेशन शहरात न भरवता खेड्यात भरवायचे, हा त्यांचा आग्रह. त्या वर्षीचा मान महाराष्ट्राचा होता. पूर्व खानदेशातले, आजच्या जळगाव जिल्ह्यातले फैजपूर निवडले गेले. काँग्रेसचे हे पन्नासावे अधिवेशन, आणि खेड्यात भरलेले पहिलेच.

मांडणीसाठी गांधींनी शांतिनिकेतनातून चित्रकार नंदलाल बोस (नंदबाबू) यांना बोलावले. आपल्याला काय हवे ते सांगितले आणि त्याला रूप देण्याचे काम पूर्णपणे त्यांच्यावर सोडले. वास्तुरचनेची बाजू म्हात्रे यांनी सांभाळली. हाताशी होते बांबू, गवत, दोर, टोपल्या, बैलगाड्या. त्यातून ‘टिळकनगर’ उभे राहिले. साने गुरुजी खेडोपाडी हिंडून लोकांना तयार करत होते. तारीख मात्र पुन्हा डिसेंबरातलीच होती; २७ आणि २८ डिसेंबरला जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन झाले. मुंबईहून धावपटूंनी हातोहात ज्योत आणली, शेतकऱ्यांचा एक जथा मनमाडहून पायी आला. या अधिवेशनात शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव झाला. ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही होते आणि त्याच्या उद्घाटनाच्या भाषणात गांधींनी या सगळ्या मांडणीचे श्रेय म्हात्रे आणि नंदबाबूंना जाहीरपणे दिले.

यातले मर्म त्या बांबूत आहे. खेडूत शहरातल्या मांडवात शिरला की तिथली प्रत्येक वस्तू त्याला परकी. फैजपुरात कमान बांधणारा हात त्याच्याच भावकीतला. वेळूची चटई कशी विणतात हे त्याला व्यासपीठावरच्या पुढाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक. ज्या सभेतली निदान एक गोष्ट आपल्याला वक्त्याहून चांगली समजते, तिथे माणूस मान वर करून बसतो.

१९३८ मध्ये गुजरातेतल्या हरिपुरा अधिवेशनासाठी नंदबाबूंनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. ढोलकीवाला, चांभार, मल्ल, कांडण करणाऱ्या बाया अशी चित्रे जाड ठसठशीत रेषांत रंगवून रस्त्याकडेच्या कमानींवर लावली. येणाऱ्याजाणाऱ्याने चालता चालता स्वतःलाच बघावे!

वर्ध्याला सभा-संमेलनांची जुनी सवय आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे १९६९ मध्ये झाले आणि २०२३ मध्येही. डॉक्टरांची, शिक्षकांची, कर्मचाऱ्यांची अधिवेशने अजूनही गावोगावी भरतात. सत्कार लांबतात, मागच्या रांगा चहाला उठतात आणि ठराव हात वर करून मंजूर होतात. तुम्ही अशा एखाद्या संयोजन समितीवर असाल तर सभागृहाची आगाऊ रक्कम भरण्याआधी एक बैठक सेवाग्रामला घ्या. वर्धा स्थानकापासून ते आठेक किलोमीटरवर आहे. झाडाखाली जमिनीवर बसा आणि कार्यक्रमपत्रिकेतला पहिला ठराव प्रत्येकाला मोठ्याने वाचायला लावा.