मज्जेचें नातें

आयुर्वेदानें देहाचे सात धातु मानले. त्यांत अस्थीच्या पाठोपाठ मज्जेचा क्रम येतो. हाडाच्या पोकळींतील हा मऊ मगज एरव्हीं कोणाच्या ध्यानींमनींहि नसतो. परंतु रक्तांतील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व रक्त गोठविण्यास साह्य करणाऱ्या प्लेटलेट या सर्वांचें जन्मस्थान ही अस्थिमज्जाच होय, असें आधुनिक शास्त्रानें सिद्ध केलें आहे. त्या जन्मस्थानींच बिघाड होऊन सदोष पांढऱ्या पेशी बेसुमार वाढूं लागल्या म्हणजे त्या रोगास ल्युकेमिया म्हणतात. ‘पांढरें रक्त’ अशा अर्थाचें हें नांव जर्मन वैद्य रुडोल्फ विर्शो यानें १८४७ सालीं दिलें.

येथें एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. ल्युकेमिया झालेल्या प्रत्येकास दुसऱ्याची मज्जा लागते असें नाहीं. मुलांमध्यें नेहमीं आढळणारा तीव्र लिम्फोब्लास्टिक प्रकार बहुधा औषधांनींच बरा होतो. आणि दीर्घकालीन मायलॉइड प्रकारांत, २००१ सालीं उपलब्ध झालेल्या इमॅटिनिब या औषधामुळें, बहुतेकांवर रोपणाची पाळीच येत नाहीं. परंतु कांहीं तीव्र प्रकारांत, किंवा बरा झालेला रोग उलटला असतां, बिघडलेली मज्जा प्रखर औषधांनीं नष्ट करून तेथें निरोगी माणसाच्या मज्जापेशी रुजविणें हाच मार्ग उरतो. या विद्येचे प्रवर्तक डॉ. डॉनल थॉमस यांस १९९० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. भारतांतील असें पहिलें रोपण १९८३ च्या मार्च महिन्यांत मुंबईस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत झालें. बालपणींच्या पोलिओमुळें चाकांच्या खुर्चीवरून काम करणारे डॉ. सुरेश अडवाणी यांनीं तें पार पाडलें. रोगी नऊ वर्षांची मुलगी होती, आणि मज्जा तिच्या सख्ख्या भावाची होती.

भावाची मज्जा जुळली हें त्या मुलीचें भाग्य. कारण मज्जा जुळणें म्हणजे रक्तगट जुळणें नव्हे. प्रत्येकाच्या पेशींवर एच.एल.ए. नांवाच्या खुणा असतात. त्यांचा अर्धा संच पित्याकडून व अर्धा मातेकडून येतो. गोत्र केवळ पित्याचें. ही खूण मात्र दोन्ही कुळांची. म्हणून एका सख्ख्या भावंडाशीं ती पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. शिक्षकी संवयीनें मीं हिशेब मांडून पाहिला: भावंड एकच असेल तर संभव शेंकडा २५, दोन असतील तर ४४, सात असतील तर ८७. आमच्या वडिलांच्या पिढींत सातआठ भावंडें असत. आज घरोघरीं एक किंवा दोन. चुलत-मावस भावंडांशीं पूर्ण जुळणी क्वचितच होते. एका पंक्तीस जेवणाऱ्या वीस माणसांत मज्जेचा सोयरा न सांपडावा, आणि तो कोठल्या तरी परक्या गांवीं, कधीं न पाहिलेल्या घरीं असावा, ही एकत्र कुटुंबाच्या अभिमान्यांनीं विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

असा परका शोधण्यासाठींच दात्यांच्या नोंदण्या निघाल्या. इंग्लंडांत शर्ली नोलन या मातेनें, रक्तासंबंधींच्या दुर्मिळ जन्मजात विकारानें आजारी असलेल्या आपल्या अँथनीसाठीं, १९७४ सालीं अशी नोंदणी सुरू केली. मुलास दाता मिळाला नाहीं व १९७९ सालीं तो गेला. नोंदणी मात्र राहिली. भारतांत चेन्नईची ‘दात्री’ ही संस्था २००९ पासून हें कार्य करीत आहे. जगांतील सर्व नोंदण्यांत मिळून आज चार कोटींहून अधिक दाते आहेत; परंतु लोकसंख्येच्या मानानें त्यांत आपला वांटा फार थोडा. या खुणा वंशपरंपरेनें चालत असल्यामुळें भारतीय रोग्यास जुळणारा दाता भारतीयांतच सांपडण्याचा संभव अधिक असतो.

दाता मिळेपर्यंतचे दिवस कसे जातात, हें आमच्या भिवंडींतील एका परिचित घरीं मी पाहात आहें. मुलगा महाविद्यालयांत शिकणारा. एकुलती बहीण जुळली नाहीं. प्रतिकारशक्ति क्षीण झालेल्यास रिक्षानें ठाणें आणि तेथून लोकलनें परळ गांठणें म्हणजे गर्दींतून संसर्ग ओढवून घेणेंच. म्हणून प्रत्येक फेरीस मोटार ठरवावी लागते. यंत्रमागांच्या या गांवांत धूळ व कापसाचे तंतु सर्वत्र, म्हणून त्याची खोली मागील दारीं केली आहे. आजींनीं जन्मभर सोवळें पाळलेलें. डॉक्टरांनीं सांगितलेलें सोवळें त्यांनींच सर्वांआधीं उचललें: खोलींत जातांना साबणानें हात धुवावयाचे, कोशिंबीर व न तापविलेलें दूध वर्ज्य, फुलें आणि माती आंत आणावयाची नाहीं. पंचामृत देणेंहि त्यांनीं आपण होऊन बंद केलें. ताप भरला तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावयाचें, हा त्यांतला मुख्य नियम.

या सर्वांहून कठीण तो दूरध्वनीचा नाद. घंटा वाजली कीं आईच्या हातांतलें काम थांबे. आणि बोलणारा बहुधा विचारपूस करणारा नातेवाईक निघे. शेवटीं तिनें सर्वांस सांगून टाकलें, ‘दर रविवारीं मीच कळवीत जाईन.’ समाचारास जाणाऱ्यांनीं एवढें जाणावें कीं, अशा रोग्यास बुद्धिबळाच्या डावाची गरज असते, ‘दाता मिळाला का?’ या प्रश्नाची नव्हे. आतां वडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या मज्जेचाहि विचार डॉक्टर करीत आहेत. अलीकडे अशीं रोपणेंहि यशस्वी होतात.

रक्तदानाविषयींहि एक सूचना. ज्यांची मज्जा पुढें लागण्याचा संभव आहे अशा आईबापांनीं व भावंडांनीं रोग्यासाठीं रक्त देऊं नये. त्यानें रोग्याच्या शरीरांत त्या पेशींविरुद्ध अगोदरच विरोध उत्पन्न होण्याची भीति असते. तें काम शेजाऱ्यांचें व मित्रांचें. प्लेटलेट काढल्यावर सुमारें पांचच दिवस टिकतात. तेव्हां एकाच दिवशीं दहा जणांनीं धांवण्यापेक्षां आळींतल्या तरुणांनीं पाळी लावून घेणें हितावह.

मज्जादात्यास दधीचीची उपमा देण्याची पद्धत आहे. ती मला पसंत नाहीं. तिनें लोक भितात. दधीचीनें देह ठेवला. येथें दात्यास प्राण द्यावयाचे नसतात. नोंदणीसाठीं गालाच्या आंतून कापसाचा बोळा फिरवितात, इतकेंच. पुढें जुळलें तर बहुधा कांहीं दिवस टोंचणी देऊन मज्जापेशी रक्तांत उतरवितात, मग शिरेंतून रक्त यंत्रांत नेऊन त्या वेगळ्या काढतात व उरलेलें रक्त परत देतात. हें चारपांच तासांचें काम. क्वचित् भूल देऊन कमरेच्या हाडांतून मज्जा घेतात. अंग दुखतें, थकवा येतो. पण शरीर त्या पेशी कांहीं आठवड्यांत भरून काढतें.

खरी अडचण सुईची नसून घरची असते. तरुण तयार असतो. बोलावणें आलें कीं आई डोळ्यांस पदर लावते, काका लग्नाचें काय म्हणून विचारतात, आणि नकार जातो. भारतांत जन्मलेल्या, अमेरिकेंतील मानसशास्त्राच्या प्राध्यापिका नलिनी अंबाडी ल्युकेमियानें २०१३ सालीं निवर्तल्या. संभाव्य दाते सांपडूनहि त्यांनीं माघार घेतल्याचें तेव्हां प्रसिद्ध झालें होतें. आणि रोग्याची स्वतःची मज्जा औषधांनीं नष्ट केल्यावर दाता फिरला, तर मग त्या रोग्यास आधार कसला?

म्हणून नांव घालण्यापूर्वींच घरांत बोलणें व्हावें. अठरा वर्षें पूर्ण झालेल्या मुलामुलींस संमति द्यावयाची ती वडीलधाऱ्यांनीं शेवटपर्यंतची द्यावी. मन कचरत असेल तर नांव न घालणेंच प्रामाणिकपणाचें. भिवंडींतील त्या घरास हवा असलेला माणूस कदाचित् हा अंक वाचणाऱ्या एखाद्या घराच्या ओसरीवर बसला असेल. बोलावणें येईल तेव्हां त्याला घरच्यांनीं अडवूं नये, एवढेंच मागणें आहे.