उनकेश्वरचं गरम पाणी आणि शंभरीचा हिशेब

एजियन समुद्रात, तुर्कस्तानच्या किनाऱ्यासमोर, इकारिया नावाचं ग्रीक बेट आहे. क्षेत्रफळ 255 चौरस किलोमीटर, लोकवस्ती साडेआठ हजारांच्या आसपास. डोंगराळ, वाऱ्याचं, चांगलं बंदर नसलेलं. गेल्या वीस वर्षांत मात्र जगभरचे लोक सुट्टी घेऊन इथे येऊ लागले, कारण इथली माणसं नव्वदी सहज ओलांडतात अशी ख्याती झाली. जियानी पेस आणि मिशेल पुलाँ या संशोधकांनी इटलीतल्या सार्डिनिया बेटाच्या नकाशावर दीर्घायुषी गावांभोवती निळ्या शाईनं खुणा केल्या, त्यातून ‘ब्लू झोन’ हे नाव आलं. डॅन ब्यूटनर या अमेरिकी लेखकानं ते घरोघरी पोचवलं आणि पुढे इकारियाही त्या यादीत आलं.

2009 मध्ये अथेन्स विद्यापीठाच्या वैद्यकीय पथकानं बेटावरच्या 1,420 लोकांची पाहणी केली. त्यांत ऐंशी ओलांडलेले 89 पुरुष आणि 98 स्त्रिया होत्या. या वृद्धांच्या दिनक्रमात रोजची चढ-उतार आणि हातापायांचं काम होतं, दुपारची डुलकी होती, रानभाज्या, कडधान्यं आणि ऑलिव्हचं तेल होतं. शेजारीपाजारी रोजचं येणं-जाणं होतं आणि उदासीनतेचं प्रमाण कमी होतं. बेटाच्या थेर्मा या गावात गरम पाण्याचे झरे आहेत. त्या पाण्यात रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू विरघळलेला असतो आणि सांधेदुखीवर उतारा म्हणून लोक त्यात बसतात.

हे सगळं वाचताना नांदेड-लातूरच्या माणसाला ओळखीचं वाटेल. किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी, आपलं उनकेश्वर आहे. शरभंग ऋषींच्या व्याधीवर उपाय म्हणून श्रीरामांनी बाण मारून हे पाणी काढलं अशी कथा तिथे सांगतात. भूगर्भशास्त्र सांगतं ते असं: पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल जातं, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं, वाटेतली खनिजं घेतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. कुंडाजवळ गेलं की आधी गंधकाचा वास येतो. पहाटेच्या थंडीत पाण्यावर वाफ धरलेली असते. पायरीवर बसून पाय सोडले की पहिल्यांदा चटका बसतो, मग हळूहळू पिंढऱ्या सैल पडतात. त्वचेच्या आणि सांध्यांच्या दुखण्यासाठी आलेली माणसं तासन्‌तास गप्पा मारत बसतात.

भोवतालचा मुलूखही सुट्टीसाठी उत्तम. सागाचं जंगल, गोंड, कोलाम आणि आंध लोकांच्या वस्त्या, बंजाऱ्यांचे तांडे, इस्लापूरजवळ पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा, आणि माहूरगडावर रेणुकामाता नि दत्तशिखर. हा किनवटचा भाग 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, म्हणून बोलण्यात तेलुगूचा शिडकावा अजून आहे. इतकं असून आपण सुट्टी म्हटलं की दूरचंच काही शोधतो.

आता शंभरीच्या दाव्याकडे वळू. सॉल न्यूमन या संशोधकाला 2024 मध्ये लोकसंख्याशास्त्राचं इग्नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं ते याच प्रश्नावर. अमेरिकेत राज्याराज्यांत जन्मदाखल्याची पद्धत सुरू झाली, तसतशी 110 वर्षं गाठलेल्यांची संख्या 69 ते 82 टक्क्यांनी घटली, असं त्यानं दाखवलं. जिथे नोंदी ढिल्या आणि पेन्शनचा मोह मोठा, तिथे शंभरी फुगते. ग्रीसमध्येही मेलेल्यांच्या नावावर पेन्शन उचलल्याची प्रकरणं उघडकीला आली होती.

मराठवाड्याला हा इशारा नीट समजेल. आपल्याकडच्या जुन्या पिढीची कितीतरी माणसं कागदावर 1 जूनला जन्मलेली आहेत. शाळेत नाव घालताना मास्तरांनी पोराची उंची पाहिली, अंदाजे साल धरलं आणि तारीख 1 जून लिहून टाकली. पोरीबाळींच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभरचा कायदाच 1969 चा.

म्हणून आजीला वय विचारलं की उत्तर वेगळ्या वाटेनं येतं. ‘रझाकाराच्या वक्ताला म्या शेरडं राखायची.’ ‘बहात्तरच्या दुष्काळात धाकटा अंगावर पीत होता.’ ‘किल्लारीचा भूकंप झाला तवा नातू झाला.’ हा हिशेब कच्चा दिसतो, पण त्याला पक्के खुंटे आहेत. रझाकारीचा शेवट पोलीस कारवाईनं झाला आणि 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली. 1972 ला लाल मिलो खाऊन आणि खडी फोडून दिवस काढले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी पडली. शेरडं राखणारी मुलगी 1948 ला आठ-दहा वर्षांची धरली, तर तिचा जन्म 1938-40 च्या सुमारास बसतो. पहिल्या बाळंतपणाचा, धाकट्या भावाच्या लग्नाचा ताळा घातला की अंदाज दोन-तीन वर्षांच्या आत येतो.

शंभरी गाठलेलं सर्वपरिचित नाव आपल्याकडे आहेच. अहमदपूरचे डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज यांचा जन्म 1917 चा. वीरशैव परंपरेचे हे धर्मगुरू लाहोरला वैद्यकशास्त्र शिकलेले होते. वयाच्या 104 व्या वर्षी, 1 सप्टेंबर 2020 रोजी, त्यांचं निधन झालं. अखेरपर्यंत त्यांच्याभोवती भक्तांचा राबता होता. म्हातारपणी कुणीतरी सल्ला विचारायला येणं, आपल्यावाचून एखादं काम अडणं, याची किंमत इकारियाच्या पाहणीतही दिसते.

जेवणाचं म्हणाल तर साम्य थक्क करणारं आहे. ग्रीक माणूस ‘ग्लिस्त्रिदा’ नावाची रानभाजी खातो, ती म्हणजे आपली घोळ, तिच्याच जातीतली बारीक पानांची आपली चिघळ. आपल्याकडे तरोटा, पाथरी, कुर्डू, अंबाडी होती. दगडी ज्वारीची भाकरी, तव्यावरची हिरव्या मिरचीची चटणी, त्यावर करडीच्या तेलाची धार, सोबत तुरीचं वरण: हे पिढ्यान्‌पिढ्यांचं ताट होतं. काटेरी म्हणून करडई ज्वारीच्या कडेनं लावत, जनावर आत शिरत नसे. मग सोयाबीन आलं. त्यानं शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा दिला, लेकरं शिकली, हे मान्यच केलं पाहिजे. पण करडई हटली, ज्वारीचा पेरा घटला, तणनाशकाच्या फवाऱ्यानं बांधावरची चिघळ आणि पाथरी जळाली. पॅकेटबंद तेल आणि रेशनचा गहू ताटात आला, त्यापाठोपाठ घराघरांत मधुमेहाच्या गोळ्या आल्या.

याहून मोठी पडझड माणसांतली आहे. शिकलेली पोरं पुण्याला गेली, ओसरीवर म्हातारी दोघं उरली. 2020 च्या अखेरीस लातूर जिल्हा परिषदेला ठराव करावा लागला, की आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून 30 टक्के रक्कम कापून त्यांच्या खात्यावर जमा करायची. सात कर्मचाऱ्यांचा पगार तसा कापलाही गेला. जिल्हा परिषदेनं धाडस दाखवलं, तिचं कौतुक आहे. पण पगारातून पैसे कापता येतात, दिवेलागणीला शेजारी बसून ‘जेवलीस का गं आई’ विचारणारा माणूस कापून आणता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. दीर्घायुष्याचं रहस्य शोधायला बेटावर जाणाऱ्यानं जावं, तिथलं शिकण्यासारखं आहेच. पण त्या बेटानं जे टिकवलं ते आपल्याजवळ कालपर्यंत होतं, आणि ते सांगू शकणारी पिढी आज ऐंशी-नव्वदीत आहे. रझाकारीचा काळ डोळ्यांनी पाहिलेली माणसं दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्याबरोबर वयाचा पुरावा जाईल, बियाण्याची, रानभाज्यांची आणि औषधांची माहितीही जाईल.

या दिवाळीत गावी गेलात की एक वही घ्या. घरातल्या नि गल्लीतल्या प्रत्येक वडीलधाऱ्याचं वय वरच्या खुंट्यांवरून काढा, ते काय खात होते, किती चालत होते, कुणाजवळ बसत होते ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. महाविद्यालयांनी, ग्रामपंचायतींनी हे हाती घेतलं तर नांदेड-लातूरच्या दीर्घायुष्याचा खरा अभ्यास उभा राहील. आणि सुट्टी उरली तर आईवडिलांना घेऊन दोन दिवस उनकेश्वरला जा. तिथल्या पाण्यानं सांधे मोकळे होतील, तुमच्या वेळानं त्यांचं मन मोकळं होईल. या दोहोंतलं दुसरं औषध पूर्णपणे आपल्या हातात आहे.