पुढचे पाय फुटतात तेव्हा

जायकवाडीचा अथांग जलाशय गंगापूर तालुक्याला खेटून आहे, पण झाडबेडकाला त्याचा फारसा उपयोग नाही. मोठ्या पाण्यात मासे असतात आणि मासे बेडूकमाशांचा फडशा पाडतात. त्याला हवं असतं बिनमाशांचं, चार दिवसांचं पाणी: बांधाकडेचं डबकं, गुरांचा हौद, गच्चीवरची उघडी टाकी. पावसाने ओढ दिली, की नेमकं हेच पाणी आधी आटतं.

बोटांच्या टोकांना चकत्या असलेला, भिंतीवर सरसर चढणारा मातकट बेडूक अनेकांनी न्हाणीघरात पाहिला असेल. हाच भारतीय झाडबेडूक. मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीला किंवा हौदाच्या भिंतीला फेसाचं घरटं चिकटवते. स्वतःच्या अंगातला स्राव मागच्या पायांनी घुसळून ती हा फेस करते. वरचा थर वाळतो, आतली अंडी ओली राहतात आणि काही दिवसांनी पिल्लं टपाटप खालच्या पाण्यात पडतात. घरटं दिसलं तर ते खरवडू नये, हलवू नये. खालचं पाणी आटलं असेल, तर तिथे एक पसरट घमेलं भरून ठेवावं.

पंचाईत होते ती कोरड्या दिवशी. डेंग्यूचे डास होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा टाक्या, हौद रिकामे करायला सांगतात आणि ते योग्यच आहे. पण त्या पाण्याबरोबर बेडूकमासेही गटारात जातात. ते आधी गाळून त्याच पाण्यासह एका टबात घ्यावेत आणि वर मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधावं. डास आत जाणार नाहीत, पिल्लं बाहेर पडणार नाहीत. कुठल्याही अभयारण्याच्या हद्दीतून मात्र काहीही उचलू नये.

टब सावलीत हवा. उन्हात पाणी तापतं आणि त्यातला प्राणवायू घटतो. नळाचं पाणी ओतायचं तर एक दिवस उघडं ठेवून, म्हणजे क्लोरीन उडून जातो. तेही थोडं थोडं बदलावं, सगळं एकदम नाही. खायला उकडलेल्या पालकाचा छोटा तुकडा पुरतो. उरलेला पाला दुसऱ्या दिवशी काढलाच पाहिजे, कारण उपासमारीपेक्षा कुजलेल्या पाण्यानेच जास्त पिल्लं दगावतात.

आधी मागचे पाय फुटतात. पुढचे पाय कातडीखाली तयार होत असतात. नीट पाहिलं तर कोपराचा फुगवटा दिसतो आणि एक दिवस तो कातडी भेदून बाहेर येतो. इथून पुढचे दिवस सर्वांत नाजूक. कल्ले जातात, फुप्फुसं कामाला लागतात, पाला खरवडणारं तोंड झडून किडे धरणारा जबडा येतो, लांबलचक आतडं आखडतं. या काळात पिल्लू काही खात नाही. शेपटी अंगात जिरते, तेच त्याचं अन्न. हे सगळं घडवतं थायरॉईड ग्रंथीतलं संप्रेरक. शास्त्रज्ञ गुडरनाच यांनी 1912 मध्ये बेडूकमाशांना घोड्याची थायरॉईड ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा त्यांचे वेळेआधीच इवलेसे बेडूक झाले.

अशा पिल्लाला हवेत श्वास घ्यायला कोरडी जागा मिळाली नाही, तर ते पाण्यातच बुडून मरतं. जन्मल्यापासून पाण्यात राहिलेला जीव बुडेल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. म्हणून पुढचे पाय दिसताच पाणी दोन बोटं इतकं उतरवावं, टब एका बाजूने कलता ठेवावा, त्यात खडबडीत दगड आणि पाण्याबाहेर येणारी काटकी टाकावी. अन्न बंद.

शेपटीचा खुंट उरला, की संध्याकाळी पिल्लांना मूळ जागेजवळच्या झुडपात सोडून द्यावं. त्यांना लागणारे बारीक जिवंत किडे घरात पुरवणं कठीण. दुसऱ्या गावच्या तळ्यात तर ती मुळीच सोडू नयेत. उभयचरांना मारणाऱ्या कायट्रिड बुरशीचा संसर्ग उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांमध्ये आढळल्याचं संशोधन 2013 मध्ये प्रसिद्ध झालं आहे, आणि ती पाण्याबरोबर पसरते.

टबाचा खटाटोप ज्यांना जमणार नाही, त्यांनी निदान शेततळ्याकडे पाहावं. प्लास्टिक अंथरलेले त्याचे काठ गुळगुळीत असतात, आत पडलेल्या लहान जिवाला वर येता येत नाही. काठावरून पाण्यापर्यंत काथ्याचा जाड दोर किंवा जुनं गोणपाट सोडून ठेवलं, तर बेडकांबरोबर सरडे आणि खारीही बाहेर पडू शकतात.